विमान किती तासांचं?

मयत थंड ठेवायची काचेची पेटी गावातल्या मंडळानं घेतली आणि दुसरीकडे जागा नाही म्हणून सापगावात माझ्या पडवीत आणून ठेवली. तेव्हापासून किस्से साठतच गेले. असल्या गोष्टी सांगू नयेत म्हणतात, पण आम्ही तिघं बसलो की दुसरा विषयच निघत नाही. तिघं म्हणजे पेटी सांभाळणारा मी, ती टेम्पोतून नेणारा बबन आणि तिरडी बांधणारे काशिनाथकाका.

पेटी लागते ती पोरगा लांब असला तरच. म्हणून मयताच्या दारात काकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "पोरगा कुठं हाय? विमान किती तासांचं?"

*

गावातले एक मास्तर गेले. मुलगा लंडनला. जावयानं मोबाइलवर बघून सांगितलं, नऊ तास. विमान टायमात उतरलं, मुलाचा फोनही आला, "मुंबईत पोचलो." लगेच मास्तरांना पेटीतून काढून आंघोळ घातली. तिकडे मुलगा हायवेवर ट्रकांच्या मागे अडकला. उन्हं उतरली तरी पत्ता नाही. शेवटी मास्तरांना ओल्या अंगानं परत पेटीत ठेवलं.

बबन म्हणाला, "लंडन जवळ हाय रे. सापगाव लांब हाय."

*

मुरबाडला एकाची आई गेली. तो दुबईला. विमान तीनच तासांचं, पण साहेबानं सुट्टी दिली नाही. पुतण्यानं अग्नी दिला आणि कुणीतरी मोबाइल चितेसमोर धरला. काकांनी त्या फोनमधल्या तोंडाकडे बघून सांगितलं, "बाळा, जरा मागं सर. धूर लागंल."

आणि तो तिकडे खरंच मागे सरला.

*

टोकावड्याच्या अण्णांनी अंथरूण धरलं होतं. यांचाही मुलगा लंडनलाच. तो शुक्रवारी येणार म्हटल्यावर म्हातारा म्हणाला, "मंग थांबतो." थांबला. मुलगा आला, रजा संपेपर्यंत बापाच्या उशाशी बसला, आणि परत विमानात बसला. विमान उडालं आणि इकडे अण्णांनी मान टाकली. मुलाचा फोन बंद. सगळ्या गावाला कळलं होतं, त्याला सोडून.

सून रडत सारखी नंबर लावत होती. बबन तिला म्हणाला, "राहू द्या वयनी. विमानात हाय तवर त्याचा बाप जिता हाय."

*

शेणव्याच्या पलीकडे एक वाडी आहे. तिथली म्हातारी कमळी गेली. एकुलता एक मुलगा सोमा वीटभट्टीवर कामाला. वाडीत पेटी कधी गेली नव्हती, पण कमळीची लेक माझ्या दारात येऊन बसली. "दादा, भावाला तोंड दिसू दे आयचं. तवर ठेवा तिला." आम्ही पेटी नेली.

सवयीनं काकांच्या तोंडून गेलं, "विमान किती…"

भट्टी भिवंडीकडे, एवढंच लेकीला माहीत. सोमाकडे फोन नाही, निरोप मुकादमाच्या फोनवर. मुकादम म्हणाला, "सांगतो," आणि त्यानं फोन बंद केला. बबननं टेम्पो काढला, दिसेल त्या भट्टीवर विचारत फिरला, आणि रिकामा परत आला. लंडनवाल्यासाठी थांबलो त्याहून जास्त थांबलो आम्ही. तिसऱ्या दिवशी वाडीतली लाइट गेली ती आलीच नाही, तेव्हा लेकच म्हणाली, "उचला."

पावसाच्या तोंडावर भट्ट्या बंद झाल्या. आम्ही तिघं शेणव्याच्या नाक्यावर चहा पीत होतो. एका ट्रकमधून सोमा उतरला. डोक्यावर बोचकं, काखेत नवं हिरवं लुगडं.

बबनला बघून हसला. "बबनदा, वाडीला सोडतोस का? आय वाट बघत असंल."

बबननं चहा तसाच ठेवला आणि त्याच्या डोक्यावरचं बोचकं उतरवून घेतलं.

"बस," तो म्हणाला. आणि वाडीपर्यंतच्या त्या एवढ्याशा रस्त्यावर त्यानं टेम्पो पहिल्या गिअरमध्येच नेला.