बोटांच्या बेचक्या

समोरच्या गॅलरीतल्या काकांना मधुमेह आहे. मध्यंतरी चिघळलेलं पायाचं बोट थोडक्यात वाचलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी काकू त्यांचे पाय धुतात, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसतात. काका संकोचतात. “चारचौघांत पाय काय धरतेस?”

“नमस्कार नाही करत, पुसतेय.”

तोंड आपण लोकांसाठी धुतो. पाय बिचारे दिवसभर आपल्याला वाहतात, आणि आपण त्यांच्याकडे बघतो ते दुखायला लागल्यावर.

आज काकांनी आपले पाय स्वतःच धुतले, पुसले. मग कोरडा टॉवेल मांडीवर पसरून काकूंना म्हणाले, “आता तुझे दे.”

“काहीतरीच तुमचं!” काकूंनी चटकन पाय साडीखाली ओढून घेतले.

काका टॉवेल पसरून तसेच बसून राहिले.

थोड्या वेळाने साडीखालून भेगाळलेली एक टाच हळूच पुढे आली.