माझ्या तोंडी तिचा आवाज

मी नटी होते असं सांगितलं की लोक विचारतात, "कशात?" चित्रपटाचं नाव सांगितलं की म्हणतात, "नाही बुवा ऐकलं." म्हणून हल्ली सांगतच नाही. जुन्या फिल्म सांभाळायची नोकरी करते म्हणते, तिथं प्रश्न संपतात.

नव्वदच्या दशकात, चार मित्र जमवून चित्रपट काढणाऱ्या एका दिग्दर्शकानं मला नायिका केलं. चित्रण धसईजवळच्या वाडीत, भातझोडणीच्या दिवसांत. ज्या घरात काम चाललं, त्या घरच्या बाईनं मला चुलीपासून खळ्यापर्यंत सगळं शिकवलं. तिथलं बोलणं मात्र जमेना. मी "नाय" म्हटलं की ती पदर तोंडाला लावून हसायची. "गो बाय, तू बोलतेस का वाचतेस?"

शेवटी दिग्दर्शकानं आवाज घुमू नये म्हणून तिच्याच घरात गोधड्या टांगल्या आणि माझी सगळी वाक्यं तिच्या आवाजात घेतली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नायिका मी, नि बोलणार ही? मी तिच्याशी अबोलाच धरला. ती मुकाट्यानं भाकर वाढायची आणि वर म्हणायची, "रुसलीस तर रूस, पन खा."

चित्रपट कुठंकुठं दाखवला गेला आणि बुडाला. पुढं मला कुत्रं विचारेना, म्हणून ही नोकरी धरली. थंडगार खोलीत बसून डबे उघडायचे, कुजत्या फिल्मचा आंबूस वास घ्यायचा, फाटलेलं जोडायचं. दिवसभर कोणाशी बोलावं लागत नाही. घरी गेल्यावरही लागत नाही, पण ते काही मी मागून घेतलेलं नव्हतं.

दिग्दर्शक वारला तेव्हा त्याच्या माळ्यावरचे डबे आमच्याकडे आले. त्यात आमच्या चित्रपटाची एकुलती एक प्रत होती. ती मी पुसून, जोडून चालती केली, आणि मग ती कोणीतरी बघावी, खरं सांगायचं तर मला बघावं, याचा ध्यासच लागला. घरी बोलवावं असं माणूस नव्हतं. आठवली ती वाडीतली बाई.

धसईच्या बाजारात चौकशी केली तर कळलं, ती वर्षापूर्वीच गेली. तिचा एखादा फोटोही कोणी काढला नव्हता. लेक खर्डीला दिलेली. पुढच्या रविवारी कचेरीतलं सोळा एमएमची फिल्म दाखवायचं मशीन मागून घेतलं, खर्डी स्टेशनवर रिक्षात घातलं आणि लेकीच्या दारात जाऊन उभी राहिले. तिनं ओळखलं नाही. आईचा आवाज आणलाय म्हटल्यावर मात्र तिनं भर दुपारी दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि भिंतीवर चादर ताणली.

पडद्यावर मी आले. काय दिसत होते! वाटलं, आता ही म्हणेल, अगो बया, तुमीच का या? पण पडद्यावरची मी बोलायला लागले आणि लेक ताडकन उभी राहिली. थोडा वेळ बघत राहिली, मग डोळ्यांवर हात धरला.

"ताई, राग नका मानू," ती म्हणाली. "आवाज आयचा येतोय, पन तोंड तुमचं दिसतंय. तुमी दिसलात का आय दिसत नाय मला. तेवढा उजेड बंद होतो का?"

होतो. मशीनचा मोठा दिवा घालवला तरी आवाज चालू राहतो. क्षणभर मनात आलं, नाही म्हणावं, तिला काय कळणार आहे? इतक्या वर्षांनी एक माणूस मिळालं होतं मला बघणारं. मी बटण दाबलं.

अंधारात आवाज आला, "ये गो, चार घास खाऊन घे."

"आले गं आय," लेकीनं ओ दिली. मग मला म्हणाली, "ताई, तेवढंच परत लावा. उजेड नको."

मी चाचपडत रीळ मागं घेतलं.