पोरीचं वजन

माझी भाची पाच वर्षांची झाल्यापासून दर तीन महिन्यांनी मी तिला वजन करायला यशवंतपूरला नेत असे. वजन व्हायचं तिच्या थोरल्या काकांच्या गुळाच्या दुकानात, ढेपा जोखायच्या काट्यावर. ते झालं की पैसे मिळत.

तिचे वडील, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, दोन वर्षांच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेले, नोकरीला लागले आणि परतले नाहीत. मुलगी तेव्हा पाळण्यात होती. बहीण तिला घेऊन माझ्याकडे राहायला आली. चार वर्षं पत्रं लिहिल्यावर महिना साठ रुपये द्यायचं त्यांनी कबूल केलं. पण बायकोच्या हाती नव्हे, आपल्या थोरल्या भावामार्फत, तीन महिन्यांचे आगाऊ. शिवाय मूल नीट पोसलं जातंय याची भावानं दर वेळी खात्री करून घ्यावी, अशी अट. कशी, ते लिहिलं नव्हतं. काटा ही भावाची कल्पना.

"या, हिशेबनीस!" ते गादीवरून, कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणत. मी एका सरकारी कारखान्यात हिशेब खात्यात होतो. "चढवा पोरीला."

ती चप्पल काढून चढे. हमाल वजनं टाकी आणि आकडा ओरडे.

"दीड किलो वाढ? म्हणजे साठ रुपये जास्तच होताहेत. कळवायला हवं तिकडे." मग तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवून म्हणत, "खा. पुढच्या वेळी याचंही वजन भरेल."

दुकानातले सगळे हसत. मुलगीही हसे. तिला गूळ आवडायचा, बसची फेरी आवडायची. मला पगार तीनशे दहा, घरात खाणारी सहा माणसं. मी नोटा मोजून घेत असे.

आठव्या वर्षी तिला गोवर आला आणि काट्यावर ती दोन किलो कमी भरली.

"पैसे पोरीच्या पोटात जात नाहीत, मग कुणाच्या जातात?" काकांनी एकशेऐंशीतले साठ काढून गल्ल्यात टाकले. "वजन भरून आणा, घेऊन जा. सरी? ठीक?"

दीड महिना बहिणीनं तिला तूपभात नि केळी चारली. निघायच्या दिवशी कमी पडू नये म्हणून दोन तांबे पाणी पाजलं. मुलगी बसमध्येच रडायला लागली. दुकानात पोचेपर्यंत तिला धरवलं नाही. ती काट्यावर ओल्या परकरानं उभी राहिली.

"गळतंय, गळतंय," काका हमालाला म्हणाले, "लवकर जोख." आकडा भरला. साठ रुपये मिळाले. त्या दिवशी गूळ मिळाला नाही.

बहिणीनं परकर धुतला, वाळत घातला आणि मला म्हणाली, "अण्णा, तिला त्या काट्यावरून उतरवायचंय. काय वाटेल ते कर."

मी वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, "हुकूम इथं मिळेल. तो तिकडे बजावणार कोण? वर्षं जातील, फी जाईल." उठता उठता त्यांनी विचारलं, "तुम्हाला मुलगी आहे?" मला दोन मुलगे, मुलगी नाही. "मग तुम्हीच दत्तक घ्या की. नव्या कायद्यानं मुलगीही घेता येते. तिकडे पैसे मागणंच संपलं."

इंग्लंडला लिहिलं. ज्या माणसाचं उत्तर यायला चार-चार महिने लागत, त्याची संमती सहीशिक्क्यासह उलट टपाली आली. सोबत भावासाठी चार ओळी : "मुलीच्या लग्नाचा खर्चही आता माझ्याकडे नाही, हे त्यांच्याकडून स्पष्ट करून घ्यावं."

आमच्या घरीच विधी झाला. मुलीचं दत्तक शास्त्रीबुवांनी आधी कधी लावलं नव्हतं. कुरकुर करून त्यांनी मंत्र म्हटले. वडिलांच्या वतीनं काकांनी मुलीचा हात धरून तिला माझ्या बायकोच्या मांडीवर बसवलं. एवढी मोठी मुलगी, तिचे पाय पाटाबाहेर आले. बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं विचारलं, "आणि मी आता तिची कोण?"

शास्त्रीबुवा खाली बघून दर्भ गोळा करू लागले. उत्तर काकांनी दिलं. "आत्याबाई! आता भावाकडून मानाचं लुगडं मागून घ्या." आणि जेवायला बसले. बहिणीनंच वाढलं. त्यांनी दोनदा श्रीखंड मागितलं.

आठ दिवसांनी त्यांचा निरोप आला. संमतीची वाट पाहत असताना झालेल्या शेवटच्या वजनाला तीन महिन्यांचे एकशेऐंशी रुपये आगाऊ दिले होते. दत्तक एका महिन्यानंतर झालं. दोन महिन्यांचे एकशेवीस परत करावेत. हिशेब बरोबर होता. मी तो दोनदा करून पाहिला. सोसायटीतून कर्ज काढलं.

मी एकटाच निघालो होतो, पण मुलगी चप्पल घालून दारात उभी राहिली. "मामा, मी पण." तिला आता मला अप्पा म्हणायला शिकवलं होतं, तिच्या लक्षात राहत नसे. बहीण म्हणाली, "जाऊ दे तिला. आता कुठं वजन करायचंय?"

काकांनी नोटा मोजल्या, थुंकी लावून पुन्हा मोजल्या. मी पावती मागितली. ते लिहीत असताना मुलगी सवयीनं चप्पल काढून काट्यावर चढली. हात अंगालगत, मान सरळ, हमाल वजनं टाकील म्हणून वाट बघत. त्यानं मालकाकडे पाहिलं.

"ए, उतर," काका म्हणाले. "तुझं वजन आता कळवायचं कुणाला? स्वल्प बाजूला हो, माल यायचाय."

ती उतरली नाही. तिनं हात पुढे केला, गुळासाठी. हमालानं तिला काखेत धरून उचललं, फरशीवर ठेवलं आणि तिच्या जागी ढेप चढवली.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. बस सुटल्यावर म्हणाली, "मी कमी भरले का?"