उंदीरआत्या

बिळात उंदीर आहे की नाही, हे आत्या नाकाने सांगायची. परसात गुडघे टेकायची, पदर दातांत धरायची आणि ओणवी होऊन बिळाच्या तोंडाशी नाक नेऊन जराशी थांबायची. मग उठून हात झटकत म्हणायची, "हाय घरात." नाहीतर म्हणायची, "गेला गाव सोडून." येणारे-जाणारे हसत. तिला त्याचं काही वाटत नसे. "कोंबड्या माझ्या हायत," ती म्हणे, "त्यांच्या दारात कोण येऊन राहिलं, ते मला माहीत नको का?" सगळं गाव तिला उंदीरआत्या म्हणायचं आणि त्या नावाने हाक मारली की ती ओ द्यायची.

आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. तिला औंढ्याकडच्या एका गावी दिली होती. चार वर्षांत नवरा तापाने गेला आणि ती हट्ट्याजवळच्या आमच्या गावी भावाकडे परत आली. "तुला काय पाहिजे?" असं भावाने विचारलं तेव्हा तिने परसाचा उगवतीकडचा कोपरा मागितला आणि दोन तलंगा मागितल्या. माझ्या सासूबाई माळकरी. घराच्या मागे कोंबड्या म्हटल्यावर त्यांनी दोन दिवस अबोला धरला. शेवटी असं ठरलं की कडुनिंबाच्या अलीकडे परस सासूबाईंचं आणि पलीकडे आत्याचं. कोंबड्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून रोज सकाळी सासूबाईंचं "हाड हाड" आणि आत्याचं "बा बा बा" एकाच वेळी ऐकू येई.

मी पुसेगावहून लग्न होऊन आले तेव्हा पंधरा वर्षांची होते. माहेरी घर लहान, माणसं बोलकी. इथे घर मोठं आणि माझ्याशी बोलणारं कुणी नाही. जे बोलणं व्हायचं ते "पाणी आण" आणि "सारवून घे" एवढंच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गोवऱ्या आणायला परसात गेले आणि एक भलामोठा उंदीर माझ्या पायावरून पळाला. मी किंचाळले आणि थेट गुरांच्या पाण्याच्या दगडी डोणीवर चढून उभी राहिले. सासूबाई आतून ओरडल्या. आत्या मात्र खुराड्यापासून उठून आली, माझ्याकडे न बघता जमिनीकडे बघत म्हणाली, "कुठं गेला?"

"मी डोळे झाकले होते," मी म्हणाले.

"भ्यायला हरकत न्हाई पोरी. मीबी भेते. पण डोळे झाकून भेऊ नको. तो कुठं जातो ते बघून भे."

त्या घरात मला कुणी काही विचारलं ते तेव्हा पहिल्यांदा.

तिथून माझी सकाळ परसात सुरू होऊ लागली. आत्याची एक रीत होती. दिवस मावळायच्या सुमारास ती कोंबड्या खुराड्यात घालायची, सांडलेला दाणा न् दाणा झाडून घ्यायची, पाण्याचं परळ उपडं करायची आणि खुराड्याभोवतीच्या प्रत्येक बिळाच्या तोंडात वाळल्या गवताचा बोळा बसवायची. सकाळी जो बोळा बाहेर पडलेला दिसेल त्या बिळात वस्ती आहे, हे नक्की. मग त्या बिळात मिरच्यांची धुरी जायची किंवा त्याच्या वाटेवर काटकीने तोललेला चपटा दगड लागायचा. बोळे बघून यायचं काम तिने मला दिलं. "आज किती उठले?" ती चुलीपाशी बसून विचारायची आणि मी सांगायचे, "चार. दोन भिंतीचे, एक निंबाखालचा, एक नवा." नवा म्हटलं की ती भाकरी अर्धी सोडून उठायची.

शेजारणी उंदरांना शिव्या देत तिच्याकडे येत. आत्या त्यांनाच झापायची. "त्याला काहून शिव्या देता? दाणा तुमी सांडला म्हणून त्यो आला. न सांडता ऱ्हाऊन बघा." सासूबाई तिला म्हणाल्या होत्या, रोज एवढे जीव घेतेस, याचं पाप कुठे फेडशील? आत्या म्हणाली, "वहिनी, पाप माझ्याकडं ऱ्हाऊ द्या. तुमच्या कणगीतलं धान्य वाचतंय ते तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या." सासूबाईंना हसू आलं, ते त्यांनी पदराआड केलं, पण मी पाहिलं.

मी आले त्या उन्हाळ्यात काळ्या कोंबडीने अकरा पिल्लं काढली आणि आठवड्यात त्यांतली चार गेली. सगळ्यांनी मुंगसाचं नाव घेतलं. आत्याने मात्र खुराडं उचकटलं. खालची माती उकरली, तर कोंबडीच्या बैठकीच्या बरोब्बर खाली बीळ निघालं आणि बिळात पिल्लांचे पाय. ती तिथेच बसली, ते पाय तळहातावर घेऊन बघत राहिली. मग दुसऱ्या दिवसापासून गावभर हिंडून तिने फुटक्या जात्यांच्या दगडी तळ्या आणि बायकांच्या पिचलेल्या बांगड्या गोळा केल्या. त्या तळ्यांची खुराड्याला जमीन केली, आणि मातीत काच कालवून फटी लिंपल्या. तिचे हात ओरबाडून निघाले. मी म्हटलं, "आत्या, तुमच्या हातातनं रक्त येऊन राहिलं." ती म्हणाली, "त्याच्या तोंडातनंबी येऊ दे, मग फिरून येणार न्हाई." आणि खरंच, त्या खुराड्यात पुन्हा उंदीर शिरला नाही.

माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. पौष असावा. एका सकाळी मी बोळे बघायला गेले, तर निंबाखाली एक उंदीर मोकळ्यावर पडलेला. अंगावर ना दाताची खूण, ना दगडाचा मार. मी काटकीने उलटवायला गेले तेवढ्यात आत्याने मागून माझा दंड धरला. "हात लावू नको. मागं सर." तिचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. दुपारी आणखी एक उंदीर भर उन्हात झिंगल्यासारखा चालत खुराड्यापुढे आला. कोंबड्यांना भ्याला नाही, आम्हाला भ्याला नाही. तिथेच कलंडला. आत्याने सगळ्या कोंबड्या डालग्यांखाली झाकल्या. पडलेले उंदीर चिमट्याने उचलून ती गोवऱ्यांच्या जाळात जाळत होती. मला तिने निंबाच्या पलीकडे येऊ दिलं नाही. तिसऱ्या दिवशी लांबूनच मी पाहिलं, तर एकाही बिळाचा बोळा हललेला नव्हता.

"सगळे बसलेले हायत आत्या," मी म्हणाले. मला वाटलं तिला बरं वाटेल.

"म्हंजी आत एकबी जित्ता न्हाई," ती म्हणाली. मग उठली, डोक्यावरून पदर घेतला आणि जिथे बायका जात नसत त्या पारावर, पुरुष बसले होते तिथे, जाऊन उभी राहिली. मी धावत मागे गेले आणि देवळाच्या भिंतीशी थांबले.

"गावात उंदीर पडले," आत्या म्हणाली. "आज गाव सोडा."

पाटील हसले. "उंदीरआत्या, उंदीर मेले तर तू खुशी करायची. तू रडून काहून राहिली?"

"मी बारा वर्सं उंदीर मारले पाटील. माझ्या हातचा मेलेला उंदीर मला बराबर वळखू येतो. हे मी मारले न्हाईत."

आणखी कुणीतरी हसलं. आत्या त्याच्याकडे वळली. "माझ्या सासरी असेच पडले व्हते. सासू म्हणाली, बरं झालं, तकलीफ गेली. आठव्या दिवशी मालकाच्या काखेत गाठ आली. तवा मला कळत नव्हतं. आता कळून राहिलं, तर सांगू नको का?"

तिचा नवरा कोणत्या तापाने गेला, हे भावालाही ती तोवर बोललेली नव्हती. माझे सासरे पारावरून उतरले आणि गड्याला म्हणाले, "गाडी जुंप."

सांज व्हायच्या आत आमची सगळी आळी रानात आली. तुराट्या आणि कडब्याची खोपटं उभी राहिली. गाडीत डालग्यांना जागा नव्हती, तेव्हा माझ्या माळकरी सासूबाईंनी एक डालगं स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि सबंध रस्ता त्यावर हात ठेवून बसल्या. बाकीचं गाव मागे राहिलं. पाटलांच्या आळीत एक तरणी बाई गेली, तिच्या मागे तिचा दीर, आणि मग सगळंच गाव धावत रानात आलं. आमच्या आळीतलं एकही माणूस गेलं नाही. एक सोडून.

रानात आल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी घेऊन आत्याच्या खोपटाशी गेले, तर ती तिथे नव्हती. आपलं घोंगडं घेऊन ती हरभऱ्याच्या पलीकडे बांधावरच्या बाभळीखाली जाऊन बसली होती. मी तिकडे निघाले.

"तिथंच थांब!" ती ओरडली. "एक पाऊल पुढं टाकशील तर माझी आण हाय."

मधे हरभऱ्याचे बारा तास होते, पेरलेल्या बारा ओळी. मी ते मोजले, कारण मला दुसरं काही करता येत नव्हतं.

"काय झालं आत्या?"

"गाठ आली." शेजारीण आली, असं सांगावं तसं ती म्हणाली.

"मी पाणी घेऊन येते. मी भेत न्हाई."

"तू एकली न्हाईस," ती म्हणाली. "चुलीची राख चाखताना मी बघितलं तुला. भाकरी खाली ठेव आन् मागं फिर."

मी तेव्हा हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं, माझ्या नवऱ्यालाही नाही. सासरे तिच्याकडे गेले. तिने त्यांना ढेकळं मारली, शिव्या दिल्या. ते गेलेच, आणि शेवटपर्यंत तिच्या उशाशी बसून राहिले. त्यांना काही झालं नाही. मी रोज त्या बाराव्या तासाशी उभी राहायचे. पहिल्या दिवशी ती कोंबड्यांचंच विचारत होती. काळी खुडूक झाली का, तिला कोंडून ठेव, तांबडीला जोंधळा कमी घाल. दुसऱ्या दिवशी तिचा आवाज पोहोचेना. मग मीच ओरडून सांगायचे आणि ती हात वर करायची. काळीनं अंडं घातलं. हात वर. सासूबाई कोंबड्यांना दाणा टाकतात. हात वर. काही खरं सांगितलं, काही खोटं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी बराच वेळ ओरडत होते. सासरे उठून उभे राहिले आणि त्यांनी मला परत जायची खूण केली.

तालुक्याहून सुई टोचणारे लोक त्यानंतर आले. होळीनंतर आम्ही गावात परतलो. श्रावणात मला मुलगी झाली. पुढे सासऱ्यांनी पाटलांना त्यांच्या तोंडावर सांगितलं की माझ्या बहिणीला हसलात, आणि पाटलांनी मान खाली घातली. पण त्याने माझं मन भरलं नाही. मला परसात जावंसं वाटे आणि गेलं की थांबवत नसे. घरात सगळी माणसं होती, सासूबाई तर आताशा माझ्याशी लेकीसारख्या बोलत. तरी दिवसभरात काही नवं दिसलं की ते सांगायला मी चुलीकडे वळायचे आणि मग थांबायचे.

निजामाचं राज्य गेलं त्या साली सासरेही गेले. वाटण्या झाल्या आणि ते शेत थोरल्या दिरांकडे गेलं. मला तिकडे जायचं काही कारण उरलं नाही. माझ्या मुलीला मी हे सगळं सांगितलं आहे. ती शहाणी आहे. ती म्हणते, "आई, तू ते बारा तास ओलांडले असतेस, तर मी नसते." खरं आहे. मी मान हलवते आणि दुसरं बोलणं काढते. पण तिला पोटात घेऊन मी तिथे उभी होते तेव्हा मला तिची आठवणही नव्हती, सगळी ओढ पलीकडे बाभळीखाली लागली होती, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?