रक्तातली ओळख

काचेची नळी उजेडाकडे धरून बाई तिच्यावर नखानं टिचकी मारायच्या आणि हळूच विचारायच्या, "आत कोण कोण आहे रे?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागं वळून पाहिलं. प्रयोगशाळेत आम्ही दोघीच होतो.

प्लेगचं वर्ष सरलं होतं, पण लिंबायतीच्या कामगारवस्तीत सुई दिसली की अजून दारं लागायची. खोकला-तापाच्या साथीनंतर मुलांच्या आणि मोठ्यांच्या रक्तात अँटीबॉडी कशा वेगळ्या तयार होतात, हे पाहायचं काम बाईंकडं होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मला त्यांनी हाताखाली घेतलं ते बहुधा वस्तीत बोलतात ती अहिराणी मला येते म्हणून.

"मोठ्यांचं रक्त म्हाताऱ्या पाहुण्यासारखं," बाई सांगत. "नवा विषाणू आला तरी जुन्यांच्याच आठवणी काढत बसतं. पोराचं रक्त कोरं. जो भेटला तेवढाच ओळखतं." प्लेटमधल्या प्रत्येक खळग्यात एकेक जुना-नवा विषाणू असायचा; रक्ताला त्याची ओळख असली की तळाशी लाल ठिपका बसायचा, नसली की लाली पसरून जायची.

एकदा खोकणाऱ्या दोन महिन्यांच्या बाळाच्या रक्तानं सगळ्याच खळग्यांत ठिपके धरले. त्याच्या जन्माच्या कितीतरी आधी येऊन गेलेले विषाणूही त्याला ठाऊक होते. मी नळीवरचा नंबर पुन्हा वाचला.

"बाई, नळी बदलली असेल."

"नाही. हे त्याचं नाहीच. आईचं आहे, पोटात असताना मिळालेलं."

ती आई बाळंतपणातच गेली होती.

बाई कुणापासून काही लपवत नसत, आणि अंदाजानं तर काहीच सांगत नसत. दुसऱ्यांदा रक्त घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी हे बाळाच्या बापाला सांगून टाकलं. तो लूमवर कामाला, जेमतेम पंचविशीचा.

"मंग ती शे अजून? याना आंगमा?"

"तिचं थोडं आहे, असं म्हण."

त्यानं बाळाची मूठ झबल्यात ओढून घेतली. "नका काढा तिले."

त्यानंतर कधीही गेलं तरी खोलीत दोन ताटं वाढलेली दिसत. बाळाकडं पाहून तो विचारायचा, "अवं, काड्यापेटी कुठे ठेवली?" आणि बाळ त्याच्या खांद्यावरून कोपऱ्याकडं पाहायचं. तुम्ही म्हणाल, बाळं पाहतातच. मीही तसंच म्हणायचे. पण त्या कोपऱ्याकडं पाठ करून मी कधी बसले नाही.

बाळ नऊ महिन्यांचं झालं आणि शेजारच्या गल्लीत गोवर आला. बाप लस टोचू देईना. सुईच्या भोकातून ती निघून गेली तर?

"आईचं सगळं एव्हाना उतरलं असेल, पोरी," बाई मला म्हणाल्या. "पोर उघडं पडलंय. आणि हे माझ्या तोंडानं झालं."

दुसऱ्या दिवशी त्या बाळापुढं मांडी घालून बसल्या. बापाला काही विचारलं नाही. बाळाच्या डोळ्यांत पाहत म्हणाल्या, "माय, दोन थेंब घेते. राग नको धरू."

बापानंच बाळाचा पाय पुढं केला. टाचेत सुई गेली. बाळ रडलं नाही.

प्लेटमध्ये एकही ठिपका बसला नाही.

निकाल सांगायला गेलो ती दुपारची वेळ होती. "ती गेली रे भाऊ," बाई म्हणाल्या.

त्यानं बाळाचं झबलं नीट केलं. मग म्हणाला, "कधी गई?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. महिनोन् महिने थोडं थोडं उतरत जाणाऱ्या गोष्टीला दिवस कुठला सांगायचा?

"तिथी पाहिजे ना, ताई."

"आज," बाई म्हणाल्या. "आज सकाळी."

"सकाये तर हासत व्हता हाऊ."

त्यानं एक ताट उचलून ठेवलं. दिवा लावला, वात दक्षिणेकडं केली. मग बाळ बाईंच्या मांडीवर दिलं. "आता टोचा."

दवाखान्यात लस टोचली तेव्हा बाळ असं रडलं, की रांगेतल्या बायका वळून पाहू लागल्या.

डिंडोलीला आपल्या घरी पोचल्यावर बाई उंबऱ्याबाहेरच थांबल्या. आतून बादली मागवली आणि नेसत्या साडीनिशी पाणी डोक्यावरून घेतलं. मग तांब्या भरून माझ्यापुढं धरला.

"तू पण घे, पोरी. पोचवून आलो आपण."