ढोलकीवाल्यासाठी उभं राहिलेलं मैदान

चुडाव्याच्या स्टेशनात आम्ही गाडीत बसलो तेव्हा कोणी रडलं नाही. तुमच्यापैकी जे मागं राहिले आणि जे आमच्यासारखे निघून आले, त्या सगळ्यांना हे आधी सांगून टाकते. पुढं आमच्याच घरात त्या सकाळचं रडून वर्णन व्हायला लागलं, पण तसं काही नव्हतं. माय तव्याला फडकं गुंडाळत होती. बा फलाटावरच्या नळाखाली पाय धूत होता, आणि पाय स्वच्छ झाले तरी धूतच राहिला. जनाआत्या, म्हणजे बाची थोरली बहीण, आम्हाला पोचवायला आली होती. ती गावातच राहणार होती. गाडी हलली तशी ती खिडकीचा गज धरून चार पावलं चालली आणि म्हणाली, "तिकडलं पाणी कसं हाय ते कळवा." माय म्हणाली, "कळविते." मग आत्या दिसेनाशी झाली आणि मायनं तवा पायाखाली सरकवला.

आमचं गाव चुडाव्यापासून बैलगाडीच्या वाटेवर. ओढ्याच्या अंगाला आमची वस्ती, सगळी बौद्ध घरं. बा, लिंबाजी त्याचं नाव, दुसऱ्याच्या शेतात सालानं राबायचा. पण पंचक्रोशीत त्याला कोणी सालगडी म्हणून ओळखत नसे. लिंबाजी ढोलकीवाला म्हणूनच ओळखत. कातड्यावर शाई तो स्वतः चढवायचा, दोऱ्या स्वतः ताणायचा आणि ती ढोलकी दाराच्या आत खुंटीला अशी टांगायचा की आत येणाऱ्याला आधी तीच दिसावी.

मी सातवीत होते त्या साली आमच्या जयंतीला शेवंताबाईंची गायन पार्टी आली. आजच्या मुलांना शेवंताबाई म्हणजे काय ते सांगणं अवघड आहे. त्यांच्या रेकॉर्डी परभणीच्या हॉटेलांत दिवसभर वाजायच्या. पांढरं पातळ, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि आवाज असा खरबरीत की पहिल्या ओळीलाच अंगावर काटा यायचा. मुकाबल्यात समोरच्या पार्टीला त्या सवालातच गार करायच्या. त्या येणार म्हणून लोक पेडगावाहून, पाथरीहून एसटीनं आले. पोरं लिंबाच्या झाडांवर चढून बसली. गावातली मराठ्यांची मंडळीही आली आणि जरा लांब, बांधावर बसली. त्यात मारोतीकाका होते. त्यांचं तुकडाभर रान ओढ्यापलीकडं. ते आणि बा लहानपणी एकत्र गुरं राखायचे.

बाईंचा ढोलकीवाला तापानं पूर्णेलाच पडून राहिला होता. वस्तीनं बाला पुढं ढकललं. पहिल्या गाण्याला त्यानं नुसता ठेका धरला. दुसऱ्या गाण्याला बाईंनी पेटी वळवून त्याच्याकडं तोंड केलं आणि मग शेवटपर्यंत त्या त्याच्याकडंच बघून गायल्या. बांधावरून मारोतीकाकांनी उठून एक गाणं पुन्हा म्हणायला लावलं. अख्ख्या वस्तीनं त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी बाई आमच्या घरी जेवल्या. ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी. जेवता जेवता बाला म्हणाल्या, माझ्यासंगं चला, सगळा मुलूख दाखवते. बा म्हणाला, "घर सोडून कुठं येऊ, बाई?" बाई हसून म्हणाल्या, "घर काय पळून चाललंय?"

पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्याचं रेडिओवर आलं. आमच्या शाळेत त्यावर कोणी काही बोललं नाही. नंतरच्या दिवसांत गावोगावच्या जाळपोळीच्या बातम्या यायला लागल्या आणि एका दुपारी आमच्या गावाची पाळी आली. माय आणि मी रानात खुरपायला होतो. बा अंगात कसर होती म्हणून घरी होता. आम्हाला ज्वारीच्या वरून धूर दिसला. माय म्हणाली, कोणी पाचट पेटवलं असेल. पावसाळ्यात पाचट कोण पेटवतं, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. तरी आम्ही हातातली खुरपणीची पात संपवली. का संपवली, ते मला आजही सांगता येत नाही. मग बा उभ्या ज्वारीतून आला. अनवाणी. आमच्याजवळ बसला आणि पाणी मागितलं.

राखेतून मायला तवा सापडला. मला ढोलकीच्या लोखंडी कड्या सापडल्या, त्या मी तिथंच राहू दिल्या. पोलीस आले तेव्हा त्यांनी बाला विचारलं, कोण कोण होतं? बा म्हणाला, "धुरात दिसलं न्हाई." पोलिसांनी पुन्हा विचारलं. बानं पुन्हा तेच सांगितलं.

पुण्यात मायचा भाऊ कारखान्यात होता. त्याच्या वस्तीत आम्हाला पत्र्याची खोली मिळाली. बाला एका गोदामावर वॉचमनची नोकरी लागली. खाकी शर्ट, शिट्टी आणि काठी. माय बांधकामावर जायला लागली. नव्या शाळेत मी "लय" म्हटलं की वर्ग हसायचा. "जायलाय" म्हटलं की शिकवणाऱ्या बाईसुद्धा हसायच्या. वर्षभरात मी "खूप" आणि "जात आहे" असं बोलायला शिकले, इतकं चांगलं की पुढं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझ्या आवाजामुळंच मला घेतलं. हेडफोन, स्विचबोर्ड, शिफ्ट ड्यूटी. कधी परभणीचा ट्रंक कॉल लागायचा. कोणीतरी ओरडून सांगत असायचं की आवाज लय बारीक यायलाय. मी म्हणायचे, "कृपया थोडं मोठ्यानं बोला," आणि माझ्या आत काही हलायचं नाही. हलायला हवं, असं वाटायचं. नाही हलायचं.

बानं पुण्यात ढोलकीला हात लावला नाही. जयंतीला पोरं बोलवायला यायची, तेव्हा तो म्हणायचा, ड्यूटी हाय. नंतर पोरांनी बोलवणं सोडलं. गावाबद्दल तो बोलायचा नाही. कोणी विचारलं तर पावसापाण्याचं विचारल्यासारखं उत्तर द्यायचा.

मध्ये इतकी वर्षं गेली की माझं लग्न झालं, मुलगा शाळेत जायला लागला. मग एका जानेवारीत विद्यापीठाला नाव मिळालं. वस्तीत फटाके वाजले, पेढे वाटले, म्हातारे लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. मी माहेरी गेले, तर बा ड्यूटीवरून येऊन भाकरी खात होता. मी म्हटलं, "बा, नाव झालं." तो म्हणाला, "हाव, ऐकलं." मग हात धुऊन झोपला. मी माझ्या तळहातावरच्या पेढ्याकडं बघत बसले. मलाही काही वाटत नव्हतं. ज्यासाठी आमचं घर गेलं ते झालं होतं, आणि मला दुसऱ्या दिवशीच्या शिफ्टची काळजी होती.

त्यानंतर काही आठवड्यांनी वस्तीजवळच्या मैदानात शेवंताबाईंचा कार्यक्रम ठरला. त्या सत्तरीच्या पुढं गेल्या होत्या. लोक म्हणत होते, हा शेवटचाच. मायनं हट्ट धरला. बाला म्हणाली, "तुमच्या बाई आल्यात, चला की." रविवार होता, दुपारची वेळ होती, ड्यूटीचं कारण नव्हतं. तो इस्त्रीचा सदरा घालून निघाला.

मैदानात लाल खुर्च्या आणि कपाटाएवढे स्पीकर. बाईंना मोटारीतून आणलं. दोघांनी दंड धरून स्टेजवर चढवलं आणि गादीच्या खुर्चीत बसवलं. जाड भिंगांचा चष्मा. तेच पांढरं पातळ. सगळं मैदान उभं राहून ओरडत होतं. मागं कॅसिओ आणि ऑक्टोपॅड घेऊन टी-शर्टातली पोरं होती. बाई गायल्या, पण वरच्या पट्टीला आवाज पोचत नव्हता, तिथं शेजारची तरुण मुलगी ओळ उचलायची. लोकांना त्याचं काही नव्हतं. माझ्या बाजूची बाई पहिल्या गाण्यापासून पदरानं डोळे पुसत होती. मी वाट बघत राहिले की आता माझ्याही अंगावर काटा येईल. मांडवाची एक कनात सुटून वाऱ्यानं फडफडत होती, मी तिच्याकडं बघत होते. बा मांडीवर हात ठेवून बसला होता. त्याचं एक बोटही ताल धरत नव्हतं.

चारपाच गाण्यांनंतर बाईंनी हात वर करून वाद्यं बंद करायला लावली. म्हणाल्या, नामांतरात जी माणसं गेली, त्यांची नावं तुम्हाला पाठ आहेत. एक नाव कुठंच येत नाही, ते मी सांगते.

"परभणीकडं एका गावात लिंबाजी म्हणून ढोलकीवाला होता," बाई म्हणाल्या. "तसा हात मी पुन्हा ऐकला न्हाई. मी त्याला म्हणलं, चल माझ्यासंगं. तो म्हणला, घर सोडून कुठं येऊ? त्याच घरात तो जळाला, असं मला मागून कळलं."

बाई म्हणाल्या, त्याच्यासाठी दोन मिनिटं उभं राहू या.

हजारो माणसं उठली, खुर्च्या वाजल्या. मायनं तोंडावर पदर धरला. आणि बासुद्धा उठला. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, दोन्ही हातांत धरली आणि मान खाली घातली. मी त्याच्या कानाशी जाऊन विचारलं, "बा, सांगू का?"

"बोलू नको," तो म्हणाला. "लोक शांतता पाळायलेत."

तो सगळ्यांबरोबर उभा राहिला आणि सगळ्यांबरोबर खाली बसला. कार्यक्रम पुढं चालू झाला.

मायनं मात्र ऐकलं नाही. कार्यक्रम संपल्यावर तिनं बाचं मनगट धरलं आणि गर्दीतून वाट काढत स्टेजपर्यंत नेलं. कार्यकर्ते अडवत होते. ती त्यांच्या हाताखालून गेली. बाईंसमोर उभी राहून म्हणाली, "जयभीम, बाई. हे बगा, लिंबाजी. जित्ता हाय."

बाईंना नीट दिसत नव्हतं. त्यांनी हात पुढं केला, बाचा हात हातात घेतला आणि बराच वेळ त्याची बोटं चाचपली. ढोलकी वाजवणाऱ्याच्या बोटांवर जे घट्टे असतात ते त्या शोधत असाव्यात. घट्टे नव्हते.

"वाजवत न्हाई?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," बा म्हणाला.

"मीच तुला मारून टाकलं की रं सगळ्यांसमोर."

"तसं काय न्हाई, बाई. बरं बोलल्या तुमी."

त्या काही तरी म्हणणार होत्या, पण मोटार आली होती आणि लोकांनी त्यांना उठवलं. जाताना त्यांनी बाच्या डोक्यावरून हात फिरवला, लहान पोराच्या फिरवावा तसा.

आम्ही पायी घरी निघालो. माय पुढं चालत होती. कारखान्याची भिंत सुरू झाली तिथं बा बोलायला लागला. मला वाटलं, शेवंताबाईंबद्दल काही सांगेल.

"घरं जाळायला आले त्या दिवशी मारोती होता त्यांच्यात," तो म्हणाला. "मी घरात होतो. त्यानं नाव घेऊन हाक मारली. लिंबाजी, बाहेर निघ म्हणला. मी मागच्या अंगानं कूड फोडून निघालो." थोडं चालून पुन्हा म्हणाला, "मारायला बोलवत होता का वाचवायला, ते मला कळलं न्हाई. म्हणून पोलिसांला काय सांगू?"

इतकी वर्षं तो हे घेऊन गोदामाच्या फाटकात बसला होता. मी त्याच्या बाजूनं चालत राहिले. वळणावर त्यानं मला घरासाठी मीठ घ्यायची आठवण केली.

उन्हाळा लागताना मी रजा काढून एकटी गावाला गेले. बा येत नाही म्हणाला. जनाआत्या स्टँडवर उभी होती, वाकलेली, पण चाल तीच. तिच्या घरावर आता पत्रे आहेत. जेवताना मी तिला मैदानातलं सगळं सांगितलं. बा स्वतःसाठीच टोपी काढून उभा राहिला, हे ऐकून ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग मारोतीकाकांचं सांगितलं. तिचं हसू थांबलं. मी म्हटलं, मी त्यांना विचारणार आहे, त्या दिवशी हाक कशासाठी मारली ते.

आत्या म्हणाली, "विचारू नको, बाई. तू उद्या जाशील. मला हितं राहायचंय. त्याची सून मला पाणी भरू लागती."

दुसऱ्या दिवशी ओढ्यावर मारोतीकाका भेटले. काठी टेकत आले. मला त्यांनी चेहऱ्यावरून ओळखलं, मायसारखी दिसते म्हणाले. एका डोळ्यात फूल पडलेलं. बा कसा आहे, असं विचारलं.

"बरा हाय," मी म्हटलं. कितीतरी वर्षांनी तो शब्द तसा माझ्या तोंडातून आला.

"हात लय गोड होता त्याचा," ते म्हणाले. आणखी काही बोलायचं असावं तसे उभे राहिले. मीही उभी राहिले. प्रश्न तोंडात तयार होता. मग ते काठी उचलून रानाकडं गेले आणि मी त्यांना जाऊ दिलं.

आमच्या घराच्या जागी आत्यानं मिरच्या लावल्या होत्या. चूल होती तिथं सगळ्यांत दाट झाडं होती. तोडा संपत आला होता, लाल मिरच्या वाकळेवर वाळत पडल्या होत्या. आत्या म्हणाली, ही जागा तुमचीच हाय, मी नुसती पडीक राहू दिली न्हाई. मला वाटलं होतं, त्या जागेवर उभं राहिल्यावर तरी काही तरी होईल. ऊन होतं. मी चप्पल काढून सरींमधून चालले, मग आत्याला मिरच्या भरू लागले. निघताना तिनं पिशवी बांधून दिली.

पुण्यात आल्यावर मायनं त्यांचा ठेचा केला. बा ड्यूटीवरून आला, जेवायला बसला, पहिल्या घासाला थांबला. कुठल्या मिरच्या म्हणून विचारलं.

"आपल्या घरातल्या," मी सांगितलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग ताट पुढं केलं आणि मायला म्हणाला, "अजून वाढ."