बिरसी ते तेजू

फुलचूरहून मी रोज स्कूटीने बिरसीकडच्या एका शाळेत शिकवायला जायचे. वाटेत विमानतळाच्या कुंपणाशी एक म्हातारे गृहस्थ सायकल धरून उभे असत. सरावाचं छोटं विमान उडालं, की ते डोक्याचा दुपट्टा काढून हातात घेत आणि विमान दिसेनासं होईपर्यंत वर पाहत राहत. मग एकटेच शेताकडे निघत.

एकदा त्यांनी हात करून मला थांबवलं.

"मॅडम, फोनात पाहून सांगा जरा. इथून तेजू किती दूर आहे? अरुणाचलात. तिथंबी विमानतळ आहे म्हनते. माही पोरगी नर्स आहे तिथं."

मी पाहिलं. "सरळ गेलं तर साडेसतराशे किलोमीटरच्या आसपास. विमानाला अडीच-तीन तास."

"तीनच तास?" त्यांचा चेहरा उतरला. "पोरगी तर म्हनते, लय दूर आहे बाबा, येनं होत नाही. चार वर्सं होऊन राहिले. तिची माय गेली, तवाबी नाही आली."

मला माझ्याच उत्तराची लाज वाटली. "पण तिकडून इथं सरळ विमानच नाही," मी घाईने म्हणाले. "गाड्या बदलत यायला चार दिवस लागतात."

"चार दिवस," ते स्वतःशीच म्हणाले. त्यांनी दुपट्टा डोक्याला गुंडाळला. "मंग बराबर आहे. चार दिवसात तर मातीबी होऊन जाते. कशी येईल बिचारी?"

मी मान हलवली. विमानं बदलत आलं तर दोन दिवसांत पोचता येतं, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.